जिची सगळ्यांना ओळख आहे, ती गाडी

शुक्रवार, रात्री

या नव्या देशात गाडी घ्यायची यावर आता घरात चर्चा उरलेली नाही. लेकीची शाळा एका टोकाला, नवऱ्याचं ऑफिस दुसऱ्या टोकाला आणि संध्याकाळनंतरची बस भरवशाची नाही. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो आणि आकडे मांडायला लागलो.

गाडीची किंमत हा त्यातला सगळ्यात सोपा आकडा निघाला. त्याखाली नोंदणी, वार्षिक कर, पार्किंग, पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर असं एकेक लिहीत गेलो आणि विम्यापाशी येऊन थांबलो. आम्ही दोघं कित्येक वर्षं एकही क्लेम न करता गाडी चालवत आलोय, पण इथल्या विमा कंपनीच्या दृष्टीने आमची पाटी कोरी. कालपरवा लायसन्स मिळालेल्या पोराला जो हप्ता सांगतात, जवळपास तसाच आम्हालाही सांगितला. यावर एक उपाय आहे. जुन्या विमा कंपनीकडून लेटरहेडवर पत्र मागवायचं: पॉलिसी कधीपासून कधीपर्यंत होती, कोणाच्या नावावर होती आणि त्या काळात क्लेम झाला नाही. काही कंपन्या ते पत्र मान्य करतात, काही करत नाहीत, म्हणून प्रत्येकीला वेगळं विचारावं लागतं. मी आजच ईमेल टाकला. देश सोडण्याआधी घ्यायच्या कागदांत हे पत्र असायलाच हवं. जन्माचे दाखले आणि डिग्र्या सगळे आठवणीने घेतात, याचं नाव कोणी काढत नाही.

दुसरी गोष्ट विम्याची चौकशी करता करताच कळली. सारख्या किमतीच्या दोन गाड्यांचा विमा सारखा नसतो. इंजिन किती ताकदीचं, ठोकली तर दुरुस्ती किती महाग, ते मॉडेल चोरीला किती जातं, यावर हप्ता ठरतो. म्हणून आधी गाडी पसंत करून मग विमा काढायला जाण्यापेक्षा मॉडेलची नावं घेऊन आधी विम्याचे आकडे मागवायचे आणि मगच गाड्या बघायला निघायचं, असं ठरलं.

लायसन्सचं वेगळं. आपल्याकडे असलेलं आंतरराष्ट्रीय परमिट हे स्वतंत्र लायसन्स नसतं, मूळ लायसन्सचा मान्य अनुवाद असतो; मूळ जवळ नसेल तर त्याला अर्थ नाही. १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं परमिट एकच वर्ष चालतं, १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचं जास्तीत जास्त ३ वर्षं. आणि एखाद्या देशात कायमचे राहायला आलात की तिथलं लायसन्स काढायची मुदत बहुतेक त्याआधीच संपते. नवऱ्याने परीक्षेची तारीख घेतली आहे. माझी पुढच्या महिन्यात.

शनिवार

शोरूममध्ये जाऊन आलो. तिथल्या मुलाने फार अदबीने बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “महिन्याला किती जमेल?” गाडीची किंमत बाजूलाच राहिली. महिन्याचा आकडा सांगितला की गाडी मोठी होत जाते आणि मुदत लांबत जाते. त्याने ७ वर्षांचा हप्ता दाखवला, खरंच हलका वाटला.

घरी येऊन हिशोब केला. व्याज वर्षाला ९ टक्के धरलं तर १०० चं कर्ज ४ वर्षांत फेडताना साधारण ११९ भरावे लागतात, ७ वर्षांत १३५. महिन्याचा हप्ता २.४९ वरून १.६१ वर येतो म्हणून बरं वाटतं, पण नुसतं व्याज १९ चं ३५ होतं. त्यात नवख्या माणसाची इथे कर्जफेडीची नोंदच नसते, म्हणून त्याला दरही चढा लागतो. आणि नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सगळ्यात वेगाने उतरते. मध्येच नोकरी गेली किंवा गाव बदलावं लागलं तर गाडी विकून आलेल्या पैशांतून कर्जही फिटणार नाही. व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाने हा धोका घ्यायचा नाही, असं मला मनापासून वाटतं. आमचं ठरलं: जमवलेल्या पैशांतून घ्यायची आणि तेही सगळे घालायचे नाहीत. एक भाग आल्या दुरुस्तीसाठी हात न लावता ठेवायचा.

नवऱ्याला मात्र येताना दिसलेली एक गाडी फार आवडली. लेदरच्या सीट, मोठं काचेचं छत, आणि किंमत त्याच वर्षाच्या साध्या गाडीपेक्षा कमी. “इतकी चांगली गाडी इतक्या कमी पैशात कुठे मिळणार?” असं म्हणाला. मी विचारलं, “ती बंद पडली तर आपण कोणाला फोन करायचा?” तिचे पार्ट कुठे मिळतात, किती दिवसांत येतात, तिच्यावर हात टाकणारा मेकॅनिक जवळपास कोण आहे, यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. आपल्या माणसांत असलो तर काहीतरी निघतं. कोणाच्या तरी भावाचं गॅरेज असतं, कोणीतरी चार दिवस गाडी देतं. इथे ते बळ आपल्याकडे नाही. म्हणून गाडी अशी हवी, की तिच्यासाठी कोणाच्या ओळखीची गरजच पडू नये. दिसेल त्या गॅरेजला ती ठाऊक असावी, भंगारवाल्याकडेही तिचा दरवाजा मिळावा. या एका गोष्टीवर मी अडून बसले आणि तोही शेवटी हो म्हणाला.

रविवार

कोणती गाडी लोकांच्या ओळखीची, हे जाहिरातीतून कळत नाही. म्हणून आज लेकीला घेऊन फिरायला गेले तेव्हा फक्त जुन्या गाड्या बघितल्या. नव्या चकचकीत गाड्या सगळ्याच कंपन्यांच्या दिसतात. दहा-बारा वर्षांच्या होऊनही रोज रस्त्यावर येणाऱ्या मोजक्याच. टॅक्सीवाले काय चालवतात, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या कोणत्या, घरोघरी पार्सल पोचवणारी मुलं कशातून उतरतात. त्यांचं पोट त्या गाडीवर असतं, त्यामुळे त्यांची निवड मला कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त सांगून जाते.

टोयोटा कोरोला फिरून फिरून दिसत राहिली. होंडा सिव्हिकही. कोरोला १९६६ पासून बनते आहे आणि २०२१ पर्यंत तिच्या ५ कोटींवर गाड्या विकल्या गेल्या. सिव्हिक १९७२ पासून आहे. एवढ्या गाड्या रस्त्यावर असल्या की पार्ट बनवणारे दहा निघतात, पार्ट स्वस्त होतात, आणि कुठल्या वर्षाच्या मॉडेलचं काय बघायचं हे मेकॅनिकला तोंडपाठ असतं. या लोकप्रियतेची किंमतही द्यावी लागते: जुनी झाली तरी त्यांचा भाव फारसा उतरत नाही. पण विकताना तोच भाव आपल्यालाही मिळतो.

ॲव्हरेजचा हिशोब इथे उलटा मांडतात, १०० किलोमीटरला किती लिटर. म्हणजे आकडा लहान तितकं चांगलं. १०० ला त्या आकड्याने भागलं की आपला आकडा मिळतो: ६ लिटर म्हणजे लिटरला साधारण १६.७ किलोमीटर, ८ लिटर म्हणजे १२.५.

सुरक्षिततेत मात्र काटकसर नाही. घसरताना गाडी सावरणारी स्थिरता प्रणाली हवीच. युरोपीय संघात ती नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून. त्याआधीची गाडी असेल तर ‘असेलच’ असं धरून न चालता विचारून घ्यायचं. लेकीची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघायचे. आणि अपघात-चाचणीचे स्टार कोणत्या वर्षीचे तेही पाहायचं, कारण चाचणी दर काही वर्षांनी कडक होत जाते. जुने ५ स्टार आणि आजचे ५ स्टार यांची बरोबरी होत नाही.

बुधवार

बाबांशी बोलले. त्यांनी आयुष्यभर गाड्या स्वतः बघून घेतल्या. म्हणाले, “समोरच्याला आधीच सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलीस की पहिल्यांदा बॉनेटला हात लाव.” मी म्हटलं, “बाबा, तुम्ही व्हिडिओ कॉलवर राहाल का?” “राहीन, पण आवाज नीट ऐकू येईल असा फोन धर.”

तापलेल्या इंजिनाचे दोष झाकले जातात. थंड इंजिन सुरू होताना खडखडत असेल, निळा धूर येत असेल, तर ते पहिल्या मिनिटातच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आत जातंय, आणि तो खर्च मोठा असतो.

संध्याकाळी एक गाडी बघितली. बॉनेट गरम होतं. “आत्ताच जरा फिरवून आणली,” असं मालक म्हणाले. आमच्या मेकॅनिकला दाखवायची आहे म्हटल्यावर “त्याची काय गरज?” आभार मानून निघालो. गाडी कदाचित चांगलीही असेल, पण ते तपासूच न देणाऱ्याकडून घ्यायची नाही.

शनिवार

आज बघितलेली गाडी २०१६ ची कोरोला, गिअरची. मालक निवृत्त गृहस्थ, त्यांनी सर्व्हिसिंगच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. बॉनेट थंडगार. बाबा फोनवर होते, इंजिन सुरू झालं तसं “अजून एकदा बंद करून सुरू करायला सांग” म्हणाले, आणि मग म्हणाले, “ठीक आहे.”

मी चाकापाशी बसले. टायरच्या बाजूला छोट्या लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात, बोटाने धूळ पुसली की दिसतात. २३१९. म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चारही टायर त्याच सुमाराचे निघाले. नक्षी पुरेशी खोल होती, पण वयामुळे ते लवकरच बदलावे लागणार, हे भाव करताना कामाला आलं. मग पेडलवरचं रबर, स्टिअरिंगची झिलई, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड. मीटरवर कमी किलोमीटर आणि पेडल मात्र गुळगुळीत, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. इथे सगळं एकमेकांशी जुळत होतं.

चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, १ आणि ० शी गल्लत होऊ नये म्हणून. काचेखालचा नंबर, दाराच्या चौकटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर याने एकेक अक्षर वाचून ताडून बघितला. याच नंबरावरून कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ही आहे का, आणि हिच्यावर कोणाचं कर्ज बाकी आहे का, तेही कळलं. दोन्ही बाजूंनी मोकळी निघाली.

दुपारी ती गॅरेजवर नेली. मेकॅनिकने रॅम्पवर चढवली आणि मला खाली बोलावलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तो गाडीच्या तळाच्या पट्ट्यांवर टकटक करत गेला. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तर गंज आत पोचलाय. जिथे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे वरून सुंदर दिसणारी गाडी खालून खाल्लेली असू शकते, असं तो सांगत होता. ब्रेकच्या नळ्या त्याने टॉर्च लावून टोकापर्यंत बघितल्या. मग डॅशबोर्डखालच्या सॉकेटला दोषाच्या नोंदी वाचणारं मशीन जोडलं. इंजिनाचा दिवा पेटलेला नाही एवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. विकण्याआधी कोणी दोषाच्या नोंदी पुसल्या असतील तर गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, थोडे दिवस चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. इथे सगळ्या पूर्ण होत्या. टायमिंगची, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवण्याची, काळजी नाही म्हणाला; त्यासाठी हिला बेल्ट नाही, चेन आहे. बेल्टची गाडी असती तर शेवटचा कधी बदलला त्याची पावती मागितली असती, कारण तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

दोष दोन निघाले. पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत आणि मागचा एक शॉकअब (धक्के झेलणारा भाग) गळतोय. त्याने खर्च लिहून दिला. तपासणीचे पैसे देताना मला जरासुद्धा जड गेलं नाही. त्या कागदामुळे मालकांशी घासाघीस करायचीच वेळ आली नाही, त्यांनी वाचला आणि तेवढी रक्कम कमी केली.

सोमवार

व्यवहार ठरला. जुन्या विमा कंपनीचं पत्रही आज आलं. विचारलेल्या कंपन्यांपैकी एकीने ते धरून हप्ता बराच कमी केला, तिचीच पॉलिसी घेतोय. पैसे बँकेतून द्यायचे, रोख नाही. विक्रीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहायची, कारण त्या मिनिटापासून दंड आणि अपघाताची जबाबदारी आपली. किल्ल्या दोन्ही मागून घ्यायच्या. दुसरी नसली तर बनवायला पुष्कळ पैसे पडतात.

विमा गुरुवारी सकाळपासून लागू आहे, म्हणून गाडी गुरुवारीच आणायची. तिथून थेट गॅरेज: ब्रेक पॅड, शॉकअब, ऑइल आणि फिल्टर. टायर पगार झाल्यावर.