तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो पाहून बेडकाचं नाव मी का सांगत नाही

पाऊस सुरू झाला की फोटो यायला लागतात. पानावर बसलेला इवलासा झुडपी बेडूक आणि खाली प्रश्न, "हा कोणता?" मी उलट विचारतो: ओरडत होता का? आवाज रेकॉर्ड केलात? जमिनीपासून किती उंच बसला होता? मग उत्तर येतं, "एवढी वर्षं बेडूक बघताय आणि साधं नाव सांगता येत नाही?" मी भाव खातो, असंही काहींना वाटतं.

एके काळी मी पाच सेकंदांत नाव सांगायचो. कातडी खरखरीत की गुळगुळीत, पाठीवर नक्षी कशी, कानाचा पडदा स्पष्ट की झाकलेला, बोटांच्या टोकांच्या चकत्या केवढ्या. शरीर समोर असताना आणखी पुरावा कशाला हवा, असं मला मनापासून वाटायचं.

जुलैतली आंबोली. ढग रस्त्यावर उतरलेला, टॉर्चचा उजेड दोन हातांपलीकडे जात नव्हता. कारवीच्या पानावर एक झुडपी बेडूक सापडला. गडद तपकिरी, पाठीवर ठळक काळी नक्षी. ओला पाला घातलेल्या डबीत ठेवून सकाळी उजेडात फोटो काढायचा आणि त्याच झुडपावर सोडायचा, असं ठरलं. डबी मित्राकडे दिली. चार पावसाळे आम्ही बरोबर फिरत होतो.

सकाळी डबी उघडली तर आत फिकट पिवळसर बेडूक. नक्षी जवळजवळ नाहीच. मी मित्राला म्हणालो, "रात्री तू डबी उघडलीस. तो पळाला आणि तू दुसरा आणून ठेवलास." तो म्हणाला, "नाही रे." एकदाच म्हणाला. मी कॅलिपर काढला. रात्रीच्या मापापेक्षा लांबी एक मिलिमीटरनं कमी भरली. वळवळणाऱ्या जिवंत बेडकाच्या मापात तेवढा फरक हाताच्या दाबानंही पडतो, हे मला माहीत होतं. तरी तो आकडा मी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. नोंद खोटी करणारा माणूस आपल्याला नको, असंही बोललो. तो संध्याकाळच्या एसटीनं गेला. पुन्हा आला नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका झुडपी बेडकासमोर बराच वेळ बसलो होतो. टॉर्चच्या उजेडात त्याची गडद पाठ माझ्या डोळ्यांदेखत फिकट होत गेली. मी हललो नाही. बेडूक बिचकेल म्हणून नव्हे.

पुढे 2015 साली इक्वेडोरमधल्या अँडीजच्या ढगातल्या जंगलातून प्रिस्टिमँटिस म्युटाबिलिस या बेडकाचं वर्णन प्रसिद्ध झालं. सुमारे दोन सेंटिमीटरचा जीव. अंगावर काटे असलेली त्याची कातडी साडेपाच मिनिटांत गुळगुळीत होते. रंग बदलतो हे निदान पाहिलं तरी होतं. इथे कातडीचा पोतच बदलत होता, आणि बेडकांच्या वर्णनात तर पोतावर केवढा भरवसा असतो! त्याच अभ्यासात प्रिस्टिमँटिस सोबेटिस या आधीपासून माहीत असलेल्या बेडकातही हेच आढळलं. कित्येक वर्षं त्याला नाव होतं, आणि ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

मग शरीराला अर्थच नाही का? माझ्यातला तो जुना माणूस हे अजून विचारतो, आणि त्याचं सगळंच चूक नाही. मापं लागतात, दात आहेत की नाहीत ते पाहावं लागतं. पण शरीर एका क्षणाचं असतं. बॉम्बे बुश फ्रॉगचं वर्णन 1919 साली इक्झालस या जीनसमधला (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) म्हणून झालं, नंतर तो फिलॉटस झाला, आणि 2010 मध्ये भारतीय बेडूक-अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या नावानं केलेल्या राओर्केस्टिस या नव्या जीनसमध्ये गेला. आंबोलीच्या नावाचा झुडपी बेडूक 2009 मध्ये फिलॉटस म्हणूनच जगासमोर आला, आज तो स्यूडोफिलॉटस आहे. दोघेही झुडपांत राहणारे, दोघांच्याही अंड्यांतून बेडूकमासा न होता थेट पिल्लं बाहेर येतात. तरी ते वेगळ्या जीनसमध्ये गेले, त्यात मोठा आधार डीएनएचा होता. तुमच्या फोटोत तो मी कुठून बघू? आवाज निदान ऐकता तरी येतो.

हेही कबूल करतो की कधीकधी फोटो बघताच नाव ओठांवर येतं, बहुधा बरोबरही असतं, आणि तरी मी गप्प बसतो. तुमच्यावर हा अन्याय असेल.

माझ्या वहीत त्या रात्रीच्या आणि सकाळच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, दोन क्रमांक. एक खोडायला कितीदा पेन उचललं. मित्र खरं बोलत होता, याबद्दल आता मला शंका नाही. पण तो बेडूक तोच होता याचा पुरावा वहीत नाही, आणि मित्राचा शब्द पुरावा म्हणून कोणत्या रकान्यात लिहायचा ते मला ठरवता आलेलं नाही.