हुशार आहे, तरी वाचताना अडखळते

माझी भाची ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांसकट सांगते, पण ‘शिक्षक’ वाचताना अडते. ‘हुशार आहे, पण आळशी’ हे मला आता ऐकवत नाही. तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण. त्यात बुद्धी कमी नसते. शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणं जड जातं. त्यात आपली पहिली वेलांटी! उच्चार व्यंजनानंतर, लिहायची मात्र आधी.

म्हणून आधी तोंडी खेळ. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? मग वाळूत बोटानं अक्षर गिरवायचं, सोबत आवाज मोठ्यानं. डोळा, कान, हात तिन्ही कामाला. अमेरिकेतले डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षणतज्ज्ञ गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात रुजवलेली पद्धत हीच. जोडाक्षरं सावकाश, फोडून फोडून.

जाड पुस्तकं मी वाचून दाखवते, नाहीतर ऑडिओबुक. (याला लबाडी म्हणणारे भेटतात. म्हणोत बापडे.) वाचनाचा वेग कमी, म्हणून तिच्या डोक्याला बाळबोध खाद्य का द्यायचं?

शुद्धलेखनात एका वेळी एकच गोष्ट तपासते. सध्या जोडाक्षरं चालू आहेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तरी त्यांना हात लावत नाही. तिच्या आजोबांना मात्र ते अजिबात सहन होत नाही.