देवराईतील पाणी, माती आणि सात महिन्यांची परवानगी

कोकणातील एका गावाच्या देवराईत, तिथल्या झाडांत आणि मातीत किती कार्बन साठला आहे आणि तिच्या पायथ्याचा झरा वैशाखातही कसा टिकून राहतो, याचा अभ्यास मी या वर्षी पूर्ण केला. प्रत्यक्ष मोजणीला १९ दिवस लागले, तर तिची परवानगी मिळायला सात महिने. असे काम हाती घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे, आणि त्या सात महिन्यांचा सल अजून गेलेला नाही, म्हणूनही.

गावाची संमती एका दुपारात मिळाली. गावकीच्या बैठकीत मी काय मोजणार ते सांगितले, मानकऱ्यांनी प्रश्न विचारले, गुरवांनी देवीला कौल लावला आणि उजवा कौल मिळाला. अटी तीनच होत्या: चपला बाहेर काढायच्या, कोणत्याही झाडाला लोखंड लावायचे नाही आणि पडलेली काटकीही राईबाहेर न्यायची नाही. त्यामुळे झाडांवर खिळ्याने पत्र्याचे क्रमांक ठोकण्याऐवजी आम्ही सुती दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या आणि खोडाला छिद्र पाडून नमुना घेण्याचा विचार सोडून दिला. या अटींमुळे काम बिघडले नाही.

अडले ते सरकारी परवानगीपाशी. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून देवीचे नाव होते, मात्र इतर हक्कांच्या रकान्यात ‘खाजगी वन’ असा शेरा होता. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्यानंतर कोकणातील कितीतरी सातबाऱ्यांवर तो आला आहे. मी नोव्हेंबरमध्ये अर्ज दिला. पहिल्या कार्यालयाने सांगितले की जमिनीचा ताबा आमच्याकडे नाही, महसूलचे ना-हरकत पत्र आणा. दुसऱ्याने सांगितले की शेरा वनाचा आहे, तेव्हा निर्णय त्यांनीच घ्यायचा. दोन्ही उत्तरे तोंडी होती. ती लेखी द्यावीत, ही विनंती मी जानेवारीत केली. ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती, कारण तोंडी नकाराविरुद्ध वर दाद मागता येत नाही. वास्तविक १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मालकी कोणाचीही असो, जे प्रत्यक्षात वन आहे ते वनच मानायचे असते. मी तो आदेश जोडला, अभिलेख कक्षातून जुना फेरफार काढून जोडला, मोजणीचा नकाशा जोडला. प्रत्येक खेपेस नवा आवक क्रमांक मिळाला, आणि पुढच्या खेपेस फाईल दुसऱ्याच टेबलावर असल्याचे कळले.

मार्चमध्ये नवीन हरकत निघाली. मातीचे नमुने नेणे म्हणजे गौण खनिजाची वाहतूक आहे का, असा प्रश्न टिपणीवर लिहिला गेला आणि फाईल अभिप्रायासाठी आणखी एका शाखेकडे गेली. मोजणीसाठी राईत आखलेल्या आमच्या १२ चौकटींत प्रत्येकी तीन खोलींवरून अर्धा-अर्धा किलो माती घ्यायची होती, म्हणजे सगळी मिळून १८ किलो. हा हिशेब मी तीनदा लेखी दिला. एप्रिल गेला, मे गेला. झऱ्याचा सर्वांत क्षीण प्रवाह मोजायचे नेमके हेच दिवस असतात, कारण तेव्हा जे पाणी वाहते ते पूर्णपणे जमिनीने धरून ठेवलेले असते. मी त्या काळात कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून होतो. शेवटी बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी संपूर्ण फाईल माझ्यासमोरच वाचली, दुसऱ्या आठवड्यात स्वतः राईत येऊन पाहणी केली आणि सही केली. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पत्र हातात पडले तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता आणि पाऊस सुरू झाला होता. एक उन्हाळा वाया गेला, आणि पाण्याच्या अभ्यासात गेलेला हंगाम नंतर कितीही काम केले तरी भरून निघत नाही.

म्हणून अर्ज पाऊस ओसरताच, सप्टेंबरातच द्या, आणि पहिल्याच परिच्छेदात मोजणीच्या तारखा व त्या का बदलता येत नाहीत हे लिहा. मातीचे एकूण वजनही तिथेच नमूद करा.

पुढची मोजणी सुरळीत झाली. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात, पण जुन्या बेहड्याला बुंध्याशी पाखांसारखी आधारमुळे असतात. तिथे ती जिथे संपतात त्याच्या वर मोजावे लागते, नाहीतर आकडा फुगतो. व्यास, उंची आणि लाकडाची घनता यांवरून कोरडे वजन काढतात आणि त्याचा सुमारे ४७ टक्के भाग कार्बन धरतात. वृद्ध झाडे आतून पोकळ असू शकतात, ही शंका अहवालात स्पष्ट लिहावी. गारंबीच्या वेली वगळू नयेत. आमच्या राईत त्यांचे खोड मांडीएवढे होते. मातीत जांभ्याचे खडे इतके असतात की त्यांचे आकारमान वजा केले नाही तर कार्बनचा हिशेब पार चुकतो. आमचा पहिला संच याच कारणाने पुन्हा मोजावा लागला.

पाणी मुरण्याचा वेग दोन कड्यांच्या उपकरणाने मोजला. बाहेरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, आतल्या कड्यातील पाण्याची पातळी बराच वेळ हलत नव्हती. राईत पालापाचोळ्याखाली मात्र ते इतक्या झपाट्याने खाली जात होते की भर घालणाऱ्या दोघांना उसंत मिळेना. मुळांनी आणि किड्यांनी केलेल्या वाटा तिथे कोणी तुडवलेल्या नाहीत, जनावरे चरत नाहीत, पाला झाडून नेला जात नाही, याचा अर्थ मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला.

यंदाच्या मे महिन्यात २० लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन आम्ही झऱ्यावर रोज सकाळी एकाच वेळी गेलो. धार बारीक झाली, पण एकही दिवस तुटली नाही. एका वर्षाच्या नोंदीवरून पाणीसाठ्याविषयी काही ठामपणे सांगता येणार नाही, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यासाठीचा मुदतवाढीचा अर्ज मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिला आहे, आणि या वेळी पोच लेखी घेतली आहे.