शिवराईवरची माती

आजोळचं घर रिकामं करताना माळ्यावर तपकिरीची एक डबी निघाली. आत ११ शिवराया, म्हणजे शिवरायांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी, मातीसकट. आजोबांना नांगरटीत मिळाल्या होत्या म्हणे. त्यांनी तेव्हा कुणाला विचारलं नसणार. आज कुणाला असं काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो: दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जमिनीतून निघाला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. तोवर घासपूस न केलेली बरी.

मी मात्र पहिल्याच संध्याकाळी एक नाणं घासलं. आईने फर्मावलं, "चिंच-मीठ लाव, देवाच्या तांब्यासारखं लख्ख निघेल." लावलं. दोन मिनिटांत नाणं नव्या वायरीतल्या तांब्यासारखं गुलाबी झालं आणि त्यावरचा 'श्री' जवळपास गेलाच. मळ काढला की अक्षर दिसेल असं मला वाटत होतं. पण अक्षर त्या मळातच उरलेलं होतं. तांबं वर्षानुवर्षं जमिनीत राहिलं की त्याच्या पृष्ठभागाचा लालसर ऑक्साइड होतो, त्यावर हिरवा कार्बोनेट चढतो. अक्षरांच्या कडा त्या थरातच टिकून असतात. आंबटाने तो थर विरघळला की खाली उरतं ते खड्डे पडलेलं तांबं.

उरलेल्या दहांना हात लावायच्या आधी वाचलं, विचारलं. मग डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला (पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते, ॲसिडचा कॅन उचलू नका). काचेच्या वाट्यांत नाणी सुटी सुटी ठेवली, रोज पाणी बदललं. आठवडाभरात माती मऊ झाली. पुढचं काम बाभळीच्या काट्याचं. काटा बांबूच्या टूथपिकपेक्षा टोकदार, आणि तांब्यापेक्षा मऊ, म्हणून ओरखडा उठत नाही. सोनाराचं दहापट भिंग एका डोळ्याला लावून ओल्या मातीचा कण टोकाने हलकेच उचकटायचा, पाण्यात बुडवायचं, पुन्हा बघायचं. टणक, गुळगुळीत हिरव्याला हात लावायचा नाही. एका संध्याकाळी फार तर अर्धं नाणं व्हायचं. ऑलिव्ह तेलात महिनोन् महिने भिजवणारेही आहेत. मला ते पटलं नाही, तेलातलं आम्लही हळूहळू तोच उद्योग करतं.

चौथ्या नाण्यावर आधी एक ठिपका दिसला, मग ठिपक्यांची ओळ, म्हणजे कडेचं वर्तुळ. मग 'जा'चा काना. शिवरायांनी १६७४ मध्ये पाडायला सुरुवात केलेल्या या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे सगळी अक्षरं क्वचितच मावतात. माझ्या नाण्यावर ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा निघाल्या. म्हणजे दुदांडी, नंतरच्या मराठेशाहीतली. आणि 'शिव'च्या जागी चक्क 'सिव'. टाकसाळीतल्या कारागिराचं शुद्धलेखन बघून मी एकटाच हसत बसलो.

जुलैत घोळ झाला. चिंच-मिठाच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी आली, नखाने झटकली की गळणारी. आत अडकलेलं क्लोराइड पावसाळी दमट हवेत जागं होतं, त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, पुन्हा क्लोराइड बनतं. मिठाची भर मीच घातली होती. बीएस्सीला असलेली भाची म्हणाली, "मामा, आधी ते बाकीच्यांपासून लांब ठेव." धुण्याचा आणि खाण्याचा सोडा मिळून लिटरला साधारण ५० ग्रॅम घातले, नाणं त्यात बुडवलं, आठवड्याला पाणी बदललं. तीन महिने. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवून त्यातलं थोडं पाणी तिने कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं. नायट्रिक ॲसिडचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट. पहिल्या खेपेला पाणी दुधाळ झालं, म्हणजे क्लोराइड अजून होतंच. दिवाळीनंतरच्या खेपेला नितळ राहिलं.

सगळी नाणी ॲसिटोनमध्ये बुडवून (खिडक्या उघड्या, गॅस बंद) कोरडी केली आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. पीव्हीसीच्या पाकिटांतूनही क्लोरीन असलेलं आम्ल सुटतं, म्हणून ती टाळली. आता प्रत्येक नाणं कागदी पाकिटात, पाकिटं काचेच्या बरणीत, तळाशी सिलिका जेल. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर फिरवून घेतो.

आईला बरणी दाखवली. चष्मा लावून तिने एकेक बघितलं. "सहा महिने घालवलेस," ती म्हणाली, "आणि शेवटी काळंच ठेवलंस?" त्यातल्या त्यात तिला आवडलं ते चिंचेचं.