सहा महिने आणि बांगड्याचा वाटा

मैत्रीण संसार सोडून रत्नागिरीत भाड्याच्या खोलीवर आली, तेव्हा मी पहिलं काय बोलले? "बरं झालं, सुटलीस." तिने नुसतं बघितलं. पुढचे पंधरा दिवस फोन उचलला नाही. सुटली कुठे होती ती! नवऱ्याची आठवण येत होती, आणि माझ्या त्या वाक्यानंतर तिला ते बोलायची सोय उरली नव्हती.

मग मी सल्ले बंद केले आणि मासे सुरू केले. बाजारात बांगडे वाट्याने मिळतात. "एकटीला वाटा काय करायचाय?" म्हणून ती मॅगीवर दिवस काढत होती. दर रविवारी मिरकरवाडा बंदरावर जाऊन एक वाटा दोघींत घ्यायचा असं ठरवलं. सहा असले तर ती एकच उचलायची, "पुरे मला."

एप्रिलमध्ये संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब. आधी वर्षभर वेगळं राहिलेलं हवं, आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे ही मुदत माफ होऊ शकते, पण वकीलबाई म्हणाल्या, त्यासाठी सहसा अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं काढलेलं लागतं. हिचे तेराच महिने झाले होते. अर्जाला लग्नाचा फोटो जोडायचा होता. अल्बम तिच्याने उघडवेना. मी उघडला, आणि दोघंही हसत नाहीत असा फोटो शोधला. अर्धा तास लागला.

१ जूनला मासेमारी बंद झाली. ३१ जुलैपर्यंत सुकट आणि सोड्यांवर रविवार निभावले. कधी ती तासभर रडायची, कधी ऑफिसातल्या कुणाची टिंगल. मी कांदा चिरत बसायचे.

सगळ्यात अवघड गेले ते गणपती. गुहागरला तिच्या माहेरी मीही गेले. गौरीच्या ओवशाला जमलेल्या बायकांतून प्रश्न आलाच, "जावई नाही आले?" ती गप्प. मी म्हटलं, "नाही आले. काकू, मोदक उरलेत का?" काकू ताट आणायला उठल्या.

ऑक्टोबरची तारीख दहा मिनिटांत आटोपली. दोन-चार प्रश्न, सह्या. हुकूमनाम्याची नक्कल मिळायला मात्र आणखी तीन चकरा झाल्या. त्या रविवारी वाट्यात सहा बांगडे होते. तिने न बोलता तीन आपल्या पिशवीत टाकले.