आयतवारी सुट्टी घेणारी गळती

बेळगावात जुलैमध्ये छत गळालं की दोष टेरेसला देऊन सगळे मोकळे होतात. टिळकवाडीतल्या एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर एका पतसंस्थेचं कार्यालय आहे. तिथल्या मॅनेजरच्या केबिनचं जिप्समचं सीलिंग मधोमध पोट सुटल्यासारखं खाली आलं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणून मोजलं तर झोळ २८ मिलिमीटर भरला. त्यावर पिवळट डाग होता. वॉटरप्रूफिंगचं कोटेशनही टेबलावर येऊन पडलेलं होतं. ‘सगळीकडे हिरवी शीट मारून टाका, कटकट मिटेल,’ असं एका संचालकांचं म्हणणं. हिरवी म्हणजे ओल सोसणारी जिप्समची शीट.

शिपाईमामा दारात उभे होते. ते म्हणाले, “सायेब, आयतवारी गळत नाही बघा. पाऊस तर आयतवारीबी असतोय की.”

अख्ख्या तपासणीतला सगळ्यात कामाचा पुरावा तेवढाच होता. स्लॅबमधून झिरपणारं पाणी पावसाचं वेळापत्रक पाळतं, बहुतेक वेळा तासा-दोन तासांच्या उशिरानं, आणि पाऊस थांबला तरी टपकत राहतं. ऑफिसच्या वेळेत सुरू होऊन सुट्टीच्या दिवशी बंद पडणारी गळती एसीची असते.

आधी दिव्यांची लाइन बंद केली. फुगवट्याखाली दोन टेकू देऊन प्लाय लावला आणि मगच शीट कापली. डागाच्या मधोमध कापायची नसते. भिजलेल्या शीटमधून स्क्रूचं डोकं आरपार निघतं आणि अख्खा तुकडा अंगावर येतो. सहा बाय चार फुटांची १२.५ मिलिमीटर जाडीची शीट कोरडी असतानाच १९-२० किलोची असते. म्हणून भिंतीलगतच्या कोरड्या भागात दीड फुटाचा चौकोन काढला. खरं तर तिथे पहिल्या दिवसापासून ट्रॅपडोअर, म्हणजे वर डोकावायची झडप, असायला हवं होतं. अख्ख्या मजल्यावर एकही नव्हतं.

वर टॉर्च मारला. स्लॅब कोरडा ठणठणीत, चुन्याचा पांढरा ओघळही नाही. पॅसेजवरच्या डक्टेबल युनिटची (डक्टमधून हवा सोडणाऱ्या एसीची) पाणी वाहून नेणारी ड्रेन पाइप केबिनवरून टॉयलेटकडे गेली होती. युनिटपासून पहिल्या एल्बोपर्यंत, म्हणजे पाइपच्या वळणापर्यंत, तिला काळं रबरी इन्सुलेशन होतं, पुढे उघडी पाइप. सीलिंग आणि स्लॅबमधल्या पोकळीतल्या हवेचं तापमान २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली तरी दवबिंदू २१ अंशांच्या वर येतो. बेळगावच्या जुलैत ८० टक्के म्हणजे कमीच धरली. आतून गार पाणी वाहणाऱ्या पाइपला मग घाम फुटणारच. पण नुसत्या घामानं एवढं सीलिंग बसत नाही.

खरी गोम पाइपच्या आधारात निघाली. प्लंबरनं ती स्लॅबला टांगलीच नव्हती, सीलिंगच्या इंटरमीडिएट चॅनलवर, म्हणजे सांगाड्यातल्या पत्र्याच्या आडव्या पट्टीवर, टेकवली होती. शेजारी इलेक्ट्रिशियनची केबल ट्रेही तशीच. सीलिंगचा सांगाडा शीट आणि हलके दिवे पेलण्यापुरता असतो. त्यावर वजन पडलं, चॅनल वाकला, त्यासोबत पाइप वाकली आणि तिचा उतार उलटा झाला. पाणी पुढे जाईना, युनिटच्या ट्रेमध्ये तुंबलं आणि सकाळी अकराच्या सुमारास काठावरून पाइपच्या बाहेरच्या अंगानं ओघळायला लागलं. शीट भिजली, जड झाली, चॅनल आणखी वाकला. दर दिवशी थोडं जास्त.

सांगाडाही मुळात अशक्तच होता. आपल्याकडची रूढ पद्धत अशी: भिंतीला चहूकडून पेरिमीटर चॅनल. स्लॅबला फास्टनरनं क्लीट आणि त्यातून सीलिंग अँगल, म्हणजे खाली सोडलेली पत्र्याची पट्टी. त्याला दर १२२० मिलिमीटरवर ४५ मिलिमीटरचा इंटरमीडिएट चॅनल. त्याच्या काटकोनात, खालून, दर ४५७ मिलिमीटरवर सीलिंग सेक्शन (शीट धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या), कनेक्टिंग क्लिपनं जोडलेले. मग शीट, २५ मिलिमीटरच्या स्क्रूनं, दर २३० मिलिमीटरवर. इथे सेक्शन ६१० मिलिमीटरवर होते, म्हणजे दीड फुटाऐवजी दोन फुटांवर.

ही चोरी पकडली जात नाही, त्यामागे गणित आहे. सहा फुटी शीटला दीड फुटाचे चार भाग बरोबर बसतात आणि दोन फुटांचे तीनही. दोन्हीकडे सांधा नेमका सेक्शनवरच येतो, स्क्रू लागतो, वरून पुट्टी आणि रंग झाला की ओळखायला काही उरत नाही. बारा बाय चौदा फुटांच्या त्या केबिनला नऊ सेक्शन लागायला हवे होते, बसवले होते सहा. बारा फुटी तीन नग वाचले. शिवाय दोन ठिकाणी शीटची लांबी सेक्शनच्या काटकोनात नेण्याऐवजी समांतर लावलेली. शीटचा कणखरपणा कागदाच्या लांबीच्या दिशेनं जास्त असतो, त्यामुळे समांतर लावलेली शीट दोन सेक्शनच्या मध्ये आधी झोळ खाते. काम चालू असताना सीलिंग बंद होण्याआधी टेप घेऊन फक्त दोन मापं घ्यावीत: सेक्शनमधलं अंतर आणि स्क्रूमधलं अंतर. बाकीचं नंतर बघता येतं.

आता हिरव्या शीटचं. तिच्या गाभ्यात आणि कागदात पाणी रोखणारी द्रव्यं असतात. चांगल्या प्रतीची शीट दोन तास पाण्यात बुडवली तर वजनाच्या ५ टक्क्यांच्या आतच पाणी पिते. याचा अर्थ ती दमट हवा आणि अधूनमधूनचे शिंतोडे सोसते. रोज अकरा वाजता वरून ओतलेलं पाणी ती सोसत नाही, फार तर पांढऱ्या शीटपेक्षा काही आठवडे उशिरा बसली असती. संचालकांना हे पटवायला भिजलेल्या शीटचा तुकडा पुरला. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. एकदा झोळ आलेली शीट वाळून सरळ होत नाही आणि कागद गाभ्यापासून सुटला असेल तर वरून जॉइंट कंपाऊंड मारणं म्हणजे पैसे पुसणं. केबिनच्या आठही शीट बदलल्या. क्षेत्रफळानं सात लागतात, एक कापाकापीत जाते.

सीलिंग उघडंच होतं म्हणून दुसरी तक्रार निघाली. मॅनेजर केबिनमध्ये थकबाकीदाराशी बोलले की बाहेरच्या बाकावर बसल्या-बसल्या कुणाचं किती थकलंय ते कळायचं. भिंत जाड करायची का, असा प्रश्न. वर पाहिलं तर पार्टिशन फॉल्स सीलिंगच्या वर वीतभर जाऊन थांबलेलं. आवाज सीलिंगमधून वर चढायचा आणि पलीकडे उतरायचा. अशा भिंतीला कितीही थर द्या, उपयोग नाही.

पार्टिशन स्लॅबपर्यंत नेलं. ७० मिलिमीटरचे स्टड (पत्र्याचे उभे खांब), दर ६१० वर, मध्ये ५० मिलिमीटर ग्लासवूल, दोन्ही बाजूंना दोन-दोन थर. एकेरी थराची, मधे काही न भरलेली भिंत साधारण ३५ डेसिबल अडवते, ही ४५ च्या वर जाते. पण तेवढं मिळतं ते फटी बंद असतील तरच. खालच्या-वरच्या चॅनलखाली सीलंट, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर न आणता सरकवलेले, आणि दोन्ही बाजूंचे स्विचबॉक्स पाठीला पाठ लावून न बसवता मध्ये एक स्टड सोडून. स्टड वरच्या चॅनलला न जोडता १० मिलिमीटर तोकडा ठेवायचा, नाहीतर स्लॅब थोडा झुकला की भिंतीला तडा जातो. एक गोष्ट इथे बहुतेक जण विसरतात. एसीची परतीची हवा त्याच पोकळीतून जात होती. भिंत स्लॅबला नेली की केबिन कोंडली. म्हणून आतून अस्तर लावलेला इंग्रजी एल आकाराचा छोटा डक्ट भिंतीतून काढला, हवा वळते, आवाज विरतो. आणि पोकळ दाराऐवजी भरीव फ्लश डोअर, खाली रबर. दाराखाली बोटभर फट राहिली असती तर बाकीचा सगळा खर्च वाया होता.

बाकीच्या खोल्यांसाठी प्रत्येक ठिकाणी वर काय आहे ते पाहून ठरवलं. हॉल आणि पॅसेजवर डक्ट, केबल, कॅमेऱ्यांच्या तारा. तिथे शिवणरहित जिप्समचा हट्ट सोडून दोन बाय दोन फुटांचं ग्रिड, मिनरल फायबरच्या टाइल्स, आर्द्रता सोसणाऱ्या प्रतीच्या. टाइल उचलली की काम होतं, आणि काउंटरवरचा गलका त्या पितात. सपाट जिप्सम तो परत फेकतं. टॉयलेटच्या भिंती ब्लॉकच्याच ठेवल्या, वर कॅल्शियम सिलिकेटच्या टाइल्स. हिरवी शीट फक्त पॅन्ट्रीच्या भिंतीला, तीही फरशीपासून १० मिलिमीटर वर. नाहीतर रोजच्या पोछ्याचं पाणी कागद शोषून घेतो आणि स्कर्टिंगच्या वर बुरशीची रेघ उमटते. टीव्ही आणि टांगत्या कपाटांच्या जागी शीट लावण्याआधीच स्टडमध्ये १८ मिलिमीटरचा प्लाय.

दप्तरखान्यासाठी गुलाबी, म्हणजे आगीत जास्त टिकणारी, शीट मागितली होती. जिप्समच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा स्फटिकात अडकलेलं पाणी असतं, ते उडून जाईपर्यंत मागची बाजू फार तापत नाही. गुलाबी शीटमध्ये त्यावर काचतंतूही असतात. पण आगीची वेळ शीटवर लिहिलेली नसते. ती स्टड, थर, रॉकवूल, स्क्रूचं अंतर या अख्ख्या जुळणीच्या चाचणीची असते, म्हणून कंपनीकडून त्या जुळणीचा दाखला मागायचा आणि तारांची भोकं फायर सीलंटनं बुजवायची. सोनेतारणाच्या लॉकरची खोली मात्र काँक्रीटचीच; तिथे जिप्समचा विषयच नाही.

ड्रेन पाइपला उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरकडून वेगळे हँगर करून घेतले, थेट स्लॅबला, दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार धरून. इन्सुलेशन एल्बोसकट शेवटपर्यंत, सांधे चिकटवून. केबल ट्रेही स्लॅबला टांगली. युनिटच्या ट्रेमध्ये दहा लिटर पाणी ओतून बघितलं, सगळं टॉयलेटच्या ट्रॅपमध्ये गेलं. तरी शीट लगेच चढवल्या नाहीत. रविवारी ऑफिस बंद असताना मुद्दाम युनिट सकाळपासून चालू ठेवलं. बाहेर मुसळधार. शिपाईमामा उघड्या सांगाड्याखाली बादली ठेवून संध्याकाळपर्यंत बसले. बादली कोरडी निघाली. सोमवारी पहिली शीट वर गेली.