गॉगल काढून बोल ना!

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता हसूच येतं. अल्बिनिझम आहे मला, म्हणजे शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य फारच कमी, त्यामुळे केस, भुवया, पापण्या सगळं पांढरट आणि उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचतो. स्टाइल नाहीये हो ती. बहुतेकांना वाटतं हे कोड आहे, पण कोड नंतर उठतं, हे जन्मापासूनच असतं, आणि बहुतेक प्रकारांत आई-बाबा दोघांकडून तो जीन आला तरच होतं, दोघं नुसते वाहक असतील, म्हणजे जीन आहे पण स्वतःला अल्बिनिझम नाही, तर प्रत्येक बाळामागे शक्यता २५ टक्के. तरी बोल मात्र आईलाच लावतात, का ते विचारू नका.

त्वचेबद्दल सगळे बोलतात, पण खरी गोची नजरेची. रेटिनाचा, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याचा, मधला भाग नीट घडलेलाच नसतो, बुबुळं सारखी हलतात, म्हणून चष्मा लावूनही फळ्यावरचं धड दिसत नाही. शाळेत मला 'लक्ष नसतं' म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं, मागच्या! पहिला बाक आणि मोठ्या अक्षरांतला पेपर, एवढंच हवं होतं.

आफ्रिकेतल्या काही देशांत तर अंधश्रद्धेपायी अल्बिनिझम असलेल्यांचा जीव घेतात. २०१५ पासून १३ जूनला अल्बिनिझमबद्दल जागृतीचा जागतिक दिवस पाळतात, चांगलंय, पण सनस्क्रीन अजून नखरा समजतात, आम्हाला ते स्किन कॅन्सर टाळायला लागतं.

आणि हो, रस्त्यात ओळख दाखवली नाही तर शिष्ट समजू नका, नाव घेऊन हाक मारा, लांबून चेहराच कळत नाही मला.